आकडा म्हणतो वर जास्त, तोंड म्हणतं वर कमी: प्रीमोलर काढल्यावर बोल्टन रेशो कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यांनाही संदर्भ लागेल. बोल्टन रेशो म्हणजे खालच्या दातांच्या रुंदीची बेरीज वरच्या बेरजेच्या किती टक्के भरते तो आकडा. पंधरा वर्षांची मुलगी, क्लास वन (वरच्या-खालच्या दाढांचा मेळ बरोबर), वरचे-खालचे पुढचे दात पुढे आलेले. चारही पहिले प्रीमोलर (सुळ्याच्या लगेच मागचे दात) काढून ट्रीटमेंट केली. आता फिनिशिंग चालू आहे. मोलर (दाढा) आणि कनाइन (सुळे) दोन्हीकडे क्लास वनमध्ये बसलेत. पण वर, लॅटरल (मधल्या दाताच्या शेजारचा दात) आणि कनाइनच्या मधे दोन्ही बाजूंना साधारण ०.६ मिलिमीटरची फट राहते. पॉवर चेन (रबराची साखळी) लावून ती बंद करायला गेलं की ओव्हरजेट (वरचे पुढचे दात खालच्यांच्या पुढे असतात ते अंतर) संपतो आणि पुढचे दात टोकाला टोक भिडू लागतात. म्हणून प्रश्नकर्त्याने उरलेले दहा-दहा दात मोजले. वरची बेरीज ७९.३, खालची ७१.२, रेशो ८९.८. ट्रीटमेंटआधी बारा-बारा दातांवर तोच ९१.४ होता. ‘९१.३ पेक्षा कमी आला, म्हणजे वरचे दात १.३ मिलिमीटरने जास्त. वरच्या पुढच्या दातांचं तेवढं स्ट्रिपिंग (कडा घासून रुंदी कमी करणं) करू का? आणि दात काढल्यामुळे रेशो बिघडला का?’

पहिली विनंती: स्ट्रिपिंगची पट्टी आधी खाली ठेवा. कारण तुमच्या प्रश्नातच एक विसंगती आहे आणि घाईत ती नजरेतून सुटलीय. आकडा म्हणतो वरचे दात जास्त आहेत. दात जास्त असलेल्या कमानीत फट कशी पडेल? वर खरंच जास्त असते तर फट खाली दिसली असती, किंवा ओव्हरजेट वाढून राहिला असता. तुमच्याकडे फट वर आहे आणि ओव्हरजेट शिल्लक नाही. म्हणजे तोंड म्हणतंय की वर कमी पडतंय. अशा वेळी वरून आणखी १.३ मिलिमीटर घासलं तर आज जी एकूण १.२ची फट आहे ती अडीचची होईल, आणि ती बंद करायची तर पुढचे दात उलटे चावतील.

आकडा आणि तोंड यांचं भांडण लागलं की मी तोंडाच्या बाजूने उभा राहतो. आकडा खोटा असतो असं नाही. बहुतेक वेळा आपण तो चुकीच्या पट्टीवर वाचत असतो. इथे तेच झालंय.

९१.३ हा आकडा आला कुठून, ते एकदा आठवा. वेन बोल्टनने १९५८ साली उत्तम ऑक्लुजन (वरच्या-खालच्या दातांची चावणी) असलेल्या ५५ केसेसची मॉडेलं मोजली. त्यातल्या ४४ केसेस ऑर्थोडॉन्टिक ट्रीटमेंट झालेल्या होत्या, पण एकही दात न काढता, आणि ११ जणांना ट्रीटमेंटची गरजच पडली नव्हती. वरच्या पहिल्या मोलरपासून पलीकडच्या पहिल्या मोलरपर्यंत बारा दात, खालचे तसेच बारा. त्या बारांच्या बेरजांचं गुणोत्तर सरासरी ९१.३, आणि पुढच्या सहा-सहा दातांचं ७७.२. स्टँडर्ड डिव्हिएशन अनुक्रमे १.९१ आणि १.६५. म्हणजे ही पट्टी पूर्ण बत्तिशीच्या, एकही दात न काढलेल्या तोंडांवरून बनलेली आहे. तुम्ही ती दहा दातांच्या कमानीवर ठेवलीत. बाराच्या मापाने दहा मोजले तर हिशेब चुकणारच.

आता रेशो उतरतो का, आणि त्याचा अर्थ काय? उतरतो, जवळजवळ नेहमीच. पण त्यात ‘बिघडलं’ असं काही नसतं, ती निव्वळ वजाबाकी असते. पाठ्यपुस्तकातली सरासरी मापं घेऊन बघा. वर एका बाजूला सेंट्रल (मधला दात) ८.५, लॅटरल ६.५, कनाइन ७.५, दोन्ही प्रीमोलर ७-७ आणि मोलर १०. दोन्ही बाजू धरून ९३. खाली ५, ५.५, ७, ७, ७ आणि ११, दोन्ही बाजू मिळून ८५. रेशो ९१.४. आता चारही प्रीमोलर काढा. वरून १४ गेले, खालूनही १४ गेले. उरले ७९ आणि ७१. रेशो ८९.९. राहिलेल्या एकाही दाताची जाडी-रुंदी बदललेली नाही, तरी आकडा दीड टक्क्याने खाली आला.

यामागचं कारण मला एका गोष्टीने पटकन उमगलं होतं, तेच सांगतो. हेच दात पुढचे आणि मागचे असे वेगळे मोजा. पुढच्या सहांत खालचे वरच्यांच्या ७७-७८ टक्के भरतात. पण दोन प्रीमोलर आणि मोलर यांचा मागचा गट घ्या: वर ४८, खाली ५०. म्हणजे मागे खालचेच दात मोठे! एकूण ९१ हा आकडा म्हणजे पुढचे ७७ आणि मागचे शंभरावरचे यांची सरासरी आहे. वर्गात सरासरीपेक्षा जास्त मार्क पडलेली चार पोरं उठवून बाहेर पाठवली तर वर्गाची सरासरी उतरते. त्याने उरलेल्या पोरांचे मार्क कमी झाले असं कोणी म्हणत नाही. प्रीमोलरची जोडी ही वर सात, खाली सात, म्हणजे शंभर टक्क्यांची जोडी. ती काढली की सरासरी पुढच्या दातांकडे झुकते, बस.

बोल्टनला हे माहीत होतं. १९६२ च्या लेखात त्याने लिहिलं आहे की चार प्रीमोलर काढल्यावर एकूण रेशो ८७ ते ८९ च्या दरम्यान अपेक्षित धरावा. म्हणजे तुमची योग्य पट्टी ही. तिच्यावर तुमचा ८९.८ ठेवा. तो पट्टीच्या खाली नाही, किंचित वरच आहे. ८९ घेऊन हिशेब केला तर खालचे दात ०.६ मिलिमीटरने जास्त, ८८ घेऊन केला तर १.४ ने. चिन्ह उलटलं! आणि आता आकडा आणि तोंड एकाच बाजूला आले: वर कमी, खाली जास्त.

इथे एक सावधगिरी. ८७-८९ ही कोर्टाची ऑर्डर नाही. मघाशी सरासरी दातांची बेरीज केली तिच्यातच ८९.९ आला, तो बोल्टनच्या चौकटीबाहेर गेला, आणि ते दात तर निर्दोष जोडीचे होते. प्रत्येक तोंडात प्रीमोलरचा वाटा वेगळा असतो, म्हणून उतार कुठे सव्वा टक्क्याचा असतो, कुठे तीन टक्क्यांचा. त्यामुळे मी स्वतः टक्के बघायचं सोडून दिलंय. मी मिलिमीटरमध्ये विचार करतो आणि दोनच गोष्टी विचारतो. ट्रीटमेंटआधी बारा दातांवर किती फरक होता, आणि काढलेल्या दातांनी त्यात किती भर घातली किंवा किती कमी केला? तुमच्या केसमध्ये आधी खालचे दात ८५.४, वरच्या ९३.४ ला अपेक्षित ८५.३. फरक ०.१, म्हणजे नसल्यात जमा. काढले किती? वरून १४.१, खालून १४.२. पुन्हा फरक ०.१. म्हणजे खरं सांगायचं तर दात काढण्याने या मुलीच्या प्रमाणात काहीही फरक पडलेला नाही. मघाचा ०.६ ते १.४ हासुद्धा पट्टीच्या निवडीतून आलेला आकडा आहे, त्यावरही कात्री चालवायची घाई करू नका.

मग फट का? तिकडे येतोच, पण त्याआधी दात काढण्याने प्रमाण खरोखर केव्हा बदलतं ते सांगायला हवं. नाहीतर वाचणारे म्हणतील की कुठलाही दात काढा, काही फरक पडत नाही. पडतो. वर आणि खाली काढलेले दात एकमेकांच्या मापाचे नसतील तेव्हा पडतो.

वरचा चार नंबर (पहिला प्रीमोलर) साधारणपणे वरच्या पाच नंबरच्या (दुसऱ्या प्रीमोलरच्या) बरोबरीचा किंवा थोडा मोठा असतो. खाली उलट. खालचा पाच नंबर बऱ्याचदा चार नंबरपेक्षा रुंद निघतो, आणि तो दात तसा लहरीच. कधी दोन कस्पचा (टोकांचा), कधी तीन कस्पचा, कधी जन्मतःच गायब. समजा वरचे चार नंबर ७.१, पाच नंबर ६.८, खालचे चार ७.१, पाच ७.३. चारही पहिले काढले तर वरून १४.२, खालून १४.२. चारही दुसरे काढले तर वरून १३.६, खालून १४.६. म्हणजे दुसऱ्या पर्यायात खालची कमान एक मिलिमीटर जास्त आखडते. ज्याचे खालचे मागचे दात आधीच जास्त आहेत त्याला हे वरदान, ज्याचे कमी आहेत त्याला ताप.

तरीही फक्त एवढ्यासाठी चार की पाच हे ठरवू नका. कुठला दात काढायचा हे अँकरेज (मागचे दात किती धरून ठेवायचे), चेहऱ्याची ठेवण, गर्दी कुठे आहे, आणि कुठल्या दातात मोठी फिलिंग किंवा रूट कॅनाल आहे यावर ठरतं. पुढचे दात भरपूर मागे न्यायचे असतील तर पाच नंबर काढून ०.५ मिलिमीटरच्या हिशेबाचं समाधान मिळवण्यात अर्थ नाही, ते नंतर स्ट्रिपिंगने मिळतं. दोन्ही पर्याय बाकी सगळ्या बाबतीत समसमान असतील तेव्हा मात्र कॅलिपरचं मत घ्या.

माझी एक फसलेली केस सांगतो. मुलगा, चांगली गर्दी, चार नंबर काढायचे हे मी सवयीने लिहून मोकळा झालो. त्याचे खालचे पाच नंबर मी मॉडेलवर बघितले होते, पण मोजले नव्हते. छोट्या मोलरसारखे तीन कस्पचे दात, दोन्ही ८.३ मिलिमीटर. वरचे पाच नंबर ६.६. दीड वर्षाने स्पेस क्लोजर संपलं तेव्हा मोलर क्लास वनमध्ये बसवले की खालचे कनाइन पुढे यायचे, आणि कनाइन बसवले की मोलर निसटायचे. लवचिक रबरबँड लावून मी तीन महिने त्या मोलरशी कुस्ती खेळलो. शेवटी कॅलिपर काढला आणि कपाळाला हात लावला. खालचे पाच नंबरच काढले असते तर ७.१ चे सुबक चार नंबर राहिले असते, एका बाजूला १.२, दोन्हीकडे मिळून २.४ मिलिमीटरचा प्रश्न सुरुवातीलाच मिटला असता. नंतर त्या पाच नंबरांच्या दोन्ही बाजू घासून बरंचसं निभावलं, पण २.४ काही घासून निघत नाहीत, एनॅमल तेवढं नसतं. त्या दिवसापासून मी एक्स्ट्रॅक्शनची चिठ्ठी लिहिण्याआधी आठही प्रीमोलरची मापं त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहितो. दोन मिनिटांचं काम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी या चर्चेत नेहमी मागे पडते. प्रीमोलर कुठलेही काढा, पुढच्या सहा दातांचा रेशो तसूभरही बदलत नाही. पेग लॅटरल (खुंटीसारखी बारीक लॅटरल) असेल तर प्रीमोलर काढल्यावरही ती पेगच राहणार. खालचे इन्सायझर (मधले चार दात) वरच्यांच्या मानाने रुंद असतील तर तेही तसेच राहणार. मागे जागा झाली म्हणून पुढचं प्रमाण सुधारेल ही आशा बाळगणारे प्लॅन मी खूप पाहिलेत. फिनिशिंगला त्रास देणारा फरक दहापैकी आठ वेळा पुढेच असतो, आणि त्यातही वरच्या लॅटरलमध्ये. म्हणून प्रीमोलरच्या केसमध्ये मी एकूण रेशोकडे कमी आणि पुढच्या रेशोकडे जास्त बघतो. तुम्ही तो दिलाय: वर ४५.२, खाली ३४.९, म्हणजे ७७.२. अगदी पुस्तकात छापल्यासारखा. तुम्ही ठरवल्याप्रमाणे वरून १.३ घासले असते तर तोच ७९.५ झाला असता, म्हणजे चांगलं असलेलं प्रमाण आपल्याच हाताने मोडलं असतं.

इथपर्यंतचं गाठीशी बांधून पुढे जाऊ. रेशो उतरला ती वजाबाकी आहे. काढलेले दात वर-खाली एकाच मापाचे होते. पुढच्या सहांचं प्रमाण निर्दोष आहे. तरी वर १.२ मिलिमीटरची फट आहे. म्हणजे दोष दातांच्या रुंदीत नाही, ते उभे कसे आहेत त्यात शोधायला हवा.

लॉरेन्स अँड्र्यूजने १९७२ साली उत्तम ऑक्लुजनच्या सहा कळा मांडल्या, त्यात इन्सायझरच्या कलाबद्दल बोलताना त्याने नेमकं हेच दुखणं दाखवलंय. वरचे पुढचे दात जास्त सरळ, म्हणजे उभे राहिले, तर मागचे दात नीट बसलेले असूनही पुढच्या आणि मागच्या दातांच्या मधे फट राहते, आणि तिचं खापर उगाच दातांच्या मापावर फोडलं जातं. घरी करून बघायचं तर दोन्ही हातांची बोटं जुळवून पंखा करा. बोटांची टोकं पुढे झुकवलीत की कमान लांब होते, उभी केलीत की आखडते. रुंदी तीच, घेर कमी.

एक्स्ट्रॅक्शनच्या केसमध्ये हे का होतं तेही उघड आहे. सात-सात मिलिमीटरची जागा आपण पुढचे दात मागे ओढून बंद करतो. ओढ लागते ती क्राउनला, मूळ जागच्या जागी राहतं. त्यात ब्रॅकेटच्या ०.०२२ इंची स्लॉटमध्ये ०.०१९ × ०.०२५ इंची स्टीलची वायर साधारण दहा अंश मोकळी खेळते. ब्रॅकेटवर छापलेला टॉर्क (दाताचा कल बदलणारा पीळ) दातापर्यंत पोचतच नाही. त्यापेक्षा बारीक वायरवर पॉवर चेन लावून घाईने क्लोजर केलं असेल तर विचारायलाच नको. ढोबळ मानाने पाच अंशांचा कल म्हणजे कमानीच्या घेरात एक मिलिमीटर असं धरून मी चालतो. तुमच्या १.२ मिलिमीटरच्या फटीला सहा-सात अंशांचा टॉर्क पुरेसा ठरावा. प्रीमोलर काढून पुढचे दात आत घेतलेल्या केसमध्ये एवढा टॉर्क हरवणं ही रोजची गोष्ट आहे.

खात्री कशी करायची? खुर्ची आडवी करा, मुलीला तोंड उघडायला सांगा आणि बाजूने वरच्या सेंट्रलच्या क्राउनकडे बघा. मग एक लॅटरल सेफ (डोक्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे) काढा आणि पॅलेटल प्लेनशी (टाळूच्या रेषेशी) वरच्या इन्सायझरचा कोन मोजा. ११० अंशांच्या आसपास असावा. १०१-१०२ आला तर फटीचा मालक सापडला. सुरुवातीच्या सेफशीही ताडून बघा. हिचे दात पुढे आलेले होते, म्हणजे सुरुवातीला कोन बहुधा १२० च्या घरात असेल. अठरा-वीस अंश आत आले असतील तर आपण दात मागे नेले नाहीत, नुसते मागे कलंडवले.

टॉर्क निर्दोष निघाला तर मग दुसरे संशयित. एक, वरच्या इन्सायझरची जाडी. पॅलेटल बाजूच्या मार्जिनल रिज बोटाने चाचपून बघा. फावड्यासारखे जाड कडेचे दात असतील तर खालचे दात त्या कडांवर आधी टेकतात, आणि वरच्या कमानीला बोल्टनने सांगितल्यापेक्षा मोठा घेर लागतो. बोल्टनच्या हिशेबात जाडी नाहीच, तो फक्त रुंदी मोजतो. कडा किंचित सपाट केल्या की कधीकधी सगळं सुटतं. दोन, लॅटरल आणि कनाइनचा टिप (डावी-उजवीकडचा कल). ब्रॅकेट थोडं तिरकं लागलं असेल तर दात जास्त सरळ उभा राहतो आणि कमी जागा घेतो. तीन, खालचे इन्सायझर पुढे झुकलेले असणं. चार, तुमची मोजणी.

मोजणीबद्दल दोन शब्द, कारण यात आपण सगळेच ढिले असतो. ब्रॅकेट लागलेल्या, कडेला बाँडिंगचं मटेरियल चिकटलेल्या तोंडात मोजू नका. सुरुवातीच्या मॉडेलवर मोजा, टोकदार कॅलिपरने, कॉन्टॅक्ट पॉइंटपासून कॉन्टॅक्ट पॉइंटपर्यंत. गर्दीत वळलेल्या दाताला कॅलिपर तिरका लागतो आणि माप फुगतं. प्रत्येक दात दोनदा मोजा, दुसऱ्यांदा पहिला आकडा न बघता. एका दातामागे ०.१ ची चूक वाटते किरकोळ, पण ती एकाच दिशेची असेल तर बारा दातांत १.२ होते, म्हणजे तुमच्या सगळ्या प्रश्नाएवढी. स्कॅनवर सॉफ्टवेअर आपोआप सीमारेषा आखतं तेव्हा हिरडीखाली गेलेल्या किंवा एकमेकांवर चढलेल्या कडा तपासून घ्या, ते अंदाज मारतं. या कारणाने दीड मिलिमीटरच्या आतल्या फरकाला मी बोल्टनचा फरक म्हणतच नाही. तो फिनिशिंगमध्ये विरघळतो. दोनच्या पुढे गेला की मात्र सुरुवातीलाच सेट-अप (मॉडेलवर दात नव्याने रचून घेतलेली चाचणी) करून बघतो.

आता याच विषयाला लागून असलेल्या दोन परिस्थिती, कारण तिथे गोंधळ जास्त होतो.

फक्त वरचे दोन प्रीमोलर काढले, खाली काहीच नाही, मोलर फुल क्लास टूमध्ये (वरचा मोलर एक दात पुढे) ठेवून कनाइन क्लास वनला आणायचे. इथे एकूण रेशो काढला तर मघाच्या मापांनी ८५ भागिले ७९, म्हणजे १०७ च्या वर येतो. आणि पीजीची मुलं घाबरून फोन करतात. तो आकडा फेकून द्या. वरचा पहिला मोलर आता एक दात पुढे सरकून बसलाय, तो ज्या दातांशी चावतो तेच बदललेत. वरच्या सहापासून सहापर्यंतच्या दातांची खालच्या त्याच दातांशी तुलना करण्याला अर्थ उरलेला नाही. पुढचा रेशो तेवढा लागू आहे. मागच्या बाजूला मी वरच्या मोलरला क्लास वनसारखा दहा अंशांचा रोटेशन ऑफसेट (दात फिरवून बसवण्याचा कोन) देत नाही, शून्य ऑफसेटची ट्यूब वापरतो. काहीजण त्यासाठी पलीकडच्या बाजूची खालच्या दुसऱ्या मोलरची ट्यूब वर लावतात, तीही चालते. मोलर थोडा आत वळलेला राहिला की जास्त जागा व्यापतो, आणि क्लास टूमध्ये तो तसाच नीट रुतून बसतो.

दुसरी परिस्थिती, खालचा एक इन्सायझर काढणं. नेहमीच्या एक्स्ट्रॅक्शनमध्ये हा एकच असा आहे की जो पुढच्या रेशोला थेट हात घालतो. वर ४५, खाली ३५ असेल आणि त्यातून ५ चा एक दात गेला तर ३०, म्हणजे रेशो ६६.७. सगळं नीट प्रमाणात असलेल्या तोंडात हे केलं तर ओव्हरजेट आणि ओव्हरबाइट (वरचे दात खालच्यांना झाकतात ते प्रमाण) वाढणार किंवा कनाइन क्लास वनमध्ये बसणार नाहीत. म्हणून मी खालचे पुढचे दात किमान तीन मिलिमीटरने जास्त असल्याशिवाय हा पर्याय तोंडातून काढत नाही. वरच्या ४५ ला तो रेशो ८४ च्या आसपास जातो. उरलेला फरक वरच्या दातांच्या स्ट्रिपिंगने जुळवायचा. खालची मिडलाइन यापुढे असणार नाही, वरची मिडलाइन खालच्या मधल्या दाताच्या मध्यावर येईल, हे पेशंटला आधी सांगून टाका. आणि मोठ्या वयाच्या पेशंटमध्ये हिरड्या उतरलेल्या असतील तर दातांच्या मधे काळे त्रिकोण दिसतील, तेही सांगा. इथे सेट-अप न करता दात काढणं हा शुद्ध जुगार.

परत तुमच्या पेशंटकडे. आधी सेफ. कोन कमी आला तर पॉवर चेन काढा, फट आहे तशी राहू दे, फिगर-ऑफ-एटने (इंग्रजी आठच्या आकाराच्या तारेच्या वेढ्याने) चारही इन्सायझर एकत्र बांधा. स्टीलच्या वायरमध्ये चार इन्सायझरना मिळून दहा-पंधरा अंशांचा पॅलेटल रूट टॉर्क (मूळ टाळूकडे नेणारा पीळ) द्या. कनाइनपासून मागे वायर सपाट ठेवा, नाहीतर त्यांनाही टॉर्क लागेल. वायरचा मागचा शेवट सिंच करू (वाकवून अडकवू) नका. आपल्याला क्राउन थोडा पुढे जायला हवाच आहे, सिंच केलंत तर सगळा भार मोलरवर जाईल. मुलीच्या आईला सांगा की पुढचे दोन महिने फट तशीच किंवा थोडी मोठी दिसेल. न सांगितलं तर तिसऱ्या आठवड्यात फोन येतोच. टॉर्क आल्यावर ओव्हरजेट दोन-अडीच मिलिमीटर उघडेल, मग हलक्या चेनने फट बंद करा, आणि या वेळी दात टोकाला टोक भिडणार नाहीत.

कोन चांगला आला, कडा पातळ निघाल्या, टिप नीट आहे, आणि पुन्हा मोजल्यावर खालचे पुढचे दात खरंच मिलिमीटरभर जास्त ठरले, तर स्ट्रिपिंग करा, पण खाली. खालच्या कनाइनपासून कनाइनपर्यंत पाच कॉन्टॅक्ट, प्रत्येकी ०.२ ते ०.२५. तेवढ्यात एक ते सव्वा मिलिमीटर निघतं, आणि वरच्या निरोगी दातांना हात लावावा लागत नाही. वरची फट कॉम्पोझिटने लॅटरल रुंद करून भरायचा पर्यायही आहे, पण हिच्या लॅटरल छोट्या नाहीत असं तुमच्या मापांवरून दिसतं. चांगल्या दाताला पंधराव्या वर्षी कॉम्पोझिट चिकटवलं की ते बदलत राहायचं काम आयुष्यभर मागे लागतं, म्हणून मी ते करणार नाही.

सेफचा आकडा आला की इथेच खाली लिहा. सुरुवातीचा आणि आत्ताचा, दोन्ही.